बिनडाग पेरूंची पाटी

परवाच्या रविवारी जे झालं ते गावात चार तोंडांनी चार तऱ्हेचं फिरतंय, म्हणून मीच सांगते. मी केसरबाई, कळंबची. मला आडपडदा ठेवून बोलता येत न्हाय. माझी सासू म्हणायची, केसरच्या जिभेला हाड न्हाय आन डोक्याला झाकण न्हाय. म्हातारी खरं बोलायची.

आमचं देऊळ म्हंजे ख्रिस्ती मंडळीचं देऊळ. पत्र्याचं छप्पर, वर लाकडी क्रूस, आत दाटीवाटीनं साठ माणसं. दर वर्षी दिवाळी झाली की नोव्हेंबरात एका रविवारी हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं फळ पाटीत घालून वेदीपुढं ठेवायचं. उपासना झाली की तोच माल अंगणात लिलावाला निघतो. लिलावाला सगळा गाव येतो, आमचीच माणसं असं न्हाय, आन जमंल ते देवळाच्या कामाला जातं. त्याला एक नियम हाय, माझ्या सासूच्याबी आधीपासनं. देवाला दिलेलं देणाऱ्यानं परत घ्यायचं न्हाय, म्हंजे आपल्या पाटीवर आपण बोली लावायची न्हाय.

दुसरा नियम माझ्या सासूचा. देवाला द्यायचं ते बिनडाग पायजे. पाटी भरताना ती एकेक पेरू उजेडात फिरवून बघायची. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला मी पाखरानं टोचलेला एक पेरू तळाशी दडवला, तर तिनं तो चार बायकांत उपसून काढला आन माझ्या हातात दिला. चाळीस वर्षं झाली, अजून आठवलं की कान गरम होत्यात. तवापासनं माझ्या पाटीत कधी डाग गेला न्हाय. लिलावात माझी पाटी सगळ्यात वर जाती, आन शेजारच्या रंगूबाईची वांगी तिच्या खाली. तीस वर्षांचं आमचं हे चाललंय.

यंदा पेरूला पिठ्या ढेकूण पडला. पांढरा, कापसासारखा, देठाला चिकटून बसतो आन वर काळी बुरशी आणतो. शंभर पेरूत एक धड सापडंना. मला जेवण जाईना.

त्यात आमच्या पाळकबाई. योगिनी त्यांचं नाव, वय तिशीचं, दोन वर्षांखाली आमच्या मंडळीवर नेमून आल्या. बाई माणूस पाळक म्हणून मला आधी पटलं नव्हतं. मग पटलं, कारण कुणी आजारी पडलं की भर पावसात स्कूटर घेऊन दारात हजर. पण त्यांच्या प्रवचनात सारखी माती येती. नीरा नदीचं पाणी येतं, ओढ्याचं येतं, उसाचं पाचट जाळल्याचं येतं. मी म्हणायची, ही बाई देवळात आलीय का कृषी खात्यात.

सणाच्या आदल्या बुधवारी प्रार्थनेला जमलो तवा त्यांनी सांगितलं की यंदा जे जसं पिकलं तसं आणा. किडकं असलं तरी चालंल, पण सणासाठी म्हणून औषध मारू नका. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उठून विचारलं, आंधळं-लंगडं कोकरू देवाला चालत न्हाय असं शास्त्रात हाय, मग किडका पेरू कसा चालंल? आन देवानं माणसाला पिकापाण्यावर, किड्यामुंगीवर सत्ता दिली ती काय उगाच दिली? पाळकबाई चिडल्या न्हायत. म्हणाल्या, पहिल्या माणसाला देवानं बागेत ठेवलं ते मशागत करायला आन राखण करायला. जमीन देवाची, आपण वाटेकरी. वाटेकऱ्यानं मालकाच्या रानात विष पेरायचं नसतं. आन पुढं म्हणाल्या, "केसरबाई, फळात कीड जिवंत आहे म्हणजे त्यात विष नाही. तिची साक्ष तरी खोटी नसते."

बायका हसल्या. रंगूबाई सगळ्यात मोठ्यानं हसली, आन तितंच माझं डोकं फिरलं.

माझा पोरगा ऋषिराज बारामतीला एमायडीसीत कामाला जातो. त्याला म्हटलं, घराजवळची चार झाडं तेवढी फवारून दे. त्यानं साफ न्हाय म्हणून सांगितलं. तोडायला आलेल्या मालावर असलं औषध मारायचं नसतं, दहा दिवस थांबावं लागतं, असं त्यानं मला नीट समजावलं. म्हंजे मला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. मला ठाऊक व्हतं. शुक्रवारी तो दुपारच्या पाळीला गेला आन मी पाठीवर पंप घेतला. गोठ्याच्या कोनाड्यात एक जुनी बाटली व्हती, कागद अर्धा फाटलेला, खाली लाल त्रिकोण, म्हंजे सगळ्यात जहाल. टोपणानं मोजून घालायचं ते मी अंदाजानं ओतलं, आन थोडं जास्तच ओतलं. चार झाडं चिंब केली. वरनं पुसून घेऊ की, असं मनाशी म्हटलं.

रविवारी उजाडताच तोडायला गेले. ढेकूण गळून पडलेला. पेरू कसे, पिवळसर, तुकतुकीत, हात लावावासा वाटंल असे. मी खूश झाले. मग पाय उचलला तर खाली एक चिमणी पडलेली. दोन हात पलीकडं एक बुलबुल, चोच उघडी, पंख पसरलेले. मांजरानं मारलं असंल म्हटलं आन दोन्ही पाखरं उचलून बांधापलीकडच्या उसात टाकली. मांजर मारतं ते खायला मारतं, हे मला ठाऊक न्हाय व्हय? पण माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कोण अडवणार. मी ओल्या फडक्यानं एकेक पेरू पुसला, पाटीत पानं अंथरली आन मोजून एकवीस पेरू रचले.

देवळात वेदीपुढं माझी पाटी मधोमध ठेवली. शेजारी रंगूबाईची वांगी, निम्म्यांना भोकं. पाळकबाईंनी वाचलं ते नेमकं चिमण्यांचं. कवडीमोलानं विकली जाणारी चिमणी, पण ती जमिनीवर पडली तर आकाशातल्या बापाच्या नजरेतनं सुटत न्हाय. मी लुगड्याचा पदर तोंडाला लावला. चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात ते हेच. मला वाटाय लागलं की बाईनं मला उसाच्या बांधावर बघितलंय. मग वाटलं, बाईनं न्हाय बघितलं, पण ज्याच्याबद्दल ती बोलतीय त्यानं बघितलंय. पाटीकडं नजर जाईना आन पाटीवरनं नजर हटंना.

मग पाळकबाई खाली आल्या. रंगूबाईचं एक भोकाचं वांगं उचलून सगळ्यांना दाखवलं आन म्हणाल्या, हे आणायला धीर लागतो. रंगूबाई लाजली. त्यानंतर माझा एक पेरू उचलला. म्हणाल्या, केसरबाईंनी माझ्याशी वाद घातला, पण माझा शब्द पाळला. बिनऔषधाचं फळसुद्धा इतकं सुरेख येऊ शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. सगळी मंडळी माझ्याकडं वळून बघाय लागली.

त्यावेळी एक शब्द बोलले असते तर सगळं तितंच मिटलं असतं. "न्हाय" एवढंच म्हणायचं व्हतं. रंगूबाई माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली, तिचं तोंड जरासं पडलेलं, आन मला त्या पडलेल्या तोंडाचं समाधान झालं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं नम्रपणा.

दाराशी दत्तोबा उभे व्हते, त्यांनीबी हे ऐकलं. दत्तोबा आमच्या मंडळीतले न्हायत. त्यांची वस्ती देवळापासनं तीन किलोमीटरवर, ऊस हाय, पेरूची बाग हाय माझ्या दहापट. पण सणाच्या लिलावाला दर वर्षी येत्यात, कायतरी घेत्यात. माझ्या नवऱ्याचे दोस्त, मला धाकट्या भावजयीसारखं धरत्यात.

उपासना संपली, अंगणात लिलाव सुरू झाला. बोली पुकारायला मोहनराव, आमच्या पंचांतले सगळ्यात थोरले. मी मनाशी ठरवलं, आपली पाटी आपणच घ्यायची, घरी नेऊन पुरून टाकायची, कुणाला कळायचं न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाटी वर आली तशी मी पहिली बोली लावली. सगळं अंगण हसलं. मोहनराव म्हणाले, केसरबाई, नियम विसरलीस का? मी म्हटलं नियम राहू द्या, मला पायजे. आन दत्तोबा माझ्या बोलीच्या वर गेले. मी त्यांच्या बोलीच्या वर गेले. त्यांना वाटलं की मी तोऱ्यात भाव चढवतीय, म्हणून तेबी हसत हसत बोली चढवाय लागले. लोक टाळ्या वाजवत व्हते. शेवटी मोहनरावांनी माझी बोली धरायचीच न्हाय असं सांगून टाकलं आन पाटी दत्तोबांच्या हातात दिली.

मी जाऊन पाटीला धरलं. दत्तोबा म्हणाले, देवाला दिलेलं परत घेतीस व्हय? पुन्हा हशा. मी म्हटलं, आबा, तुमच्या बागंत पेरूला काय तोटा हाय, हे कशाला नेताय? तवा त्यांनी हळू आवाजात, मला एकटीला ऐकू जाईल असं सांगितलं, "राजेश्वरीला सातवा लागलाय. पेरूचे डोहाळे लागल्यात. आमच्या बागंतला मी तिला देत न्हाय, त्याच्यावर काय काय मारलंय ते मला ठाऊक हाय. तुमच्या देवापुढचं बिनऔषधाचं हाय, पाळकबाईच बोलल्या न्हवं."

राजेश्वरी म्हंजे त्यांची सून. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोनदा पडलं, आता हे तिसरं. सगळ्या कळंबाला ठाऊक हाय की त्या पोरीला घरात हातावर झेलत्यात. माझा पाटीवरचा हात सुटला. दत्तोबांनी पाटी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली, कीक मारली आन निघून गेले.

मी तितंच उभी राह्यले. किती वेळ ते सांगता येत न्हाय. अंगणात भोपळ्याचा लिलाव चालला व्हता. मी स्वतःला सांगत व्हते, पुसलंय की आपण, धुतल्याशिवाय थोडंच खाणार हाय ती, कायबी हुईत न्हाय. आन डोळ्यापुढं त्या बुलबुलाची उघडी चोच येत व्हती. एवढंसं पाखरू, त्यानं किती खाल्लं असंल, एक टोच. मग मात्र मला उभं राहवंना. मी लोकांना ढकलत पाळकबाईंकडं गेले आन त्यांचा हात धरून भिंतीच्या आडोशाला नेलं. सगळं एकदमच बोलून टाकलं. फवारलंय म्हटलं, परवा, लाल त्रिकोणाचं, पाखरं मेली, आन दत्तोबांनी पोटुशीसाठी नेलंय.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण त्या मला एक वावगा शब्द बोलल्या न्हायत. स्कूटरची चावी काढली आन म्हणाल्या, फोन लावत राहा. मी मागं बसून दत्तोबांना फोन लावत व्हते. माणूस मोटरसायकलवर, फोन कोण उचलणार. नुसती रिंग जायची आन बंद व्हायची.

कारखाने चालू झालेले, रस्त्यावर उसाच्या गाड्याच गाड्या. फाट्याच्या पुलावर एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून रुतलेला, इकडची वाहनं इकडं आन तिकडची तिकडं. पाळकबाईंनी स्कूटर कडेनं घातली, उसाची टिपरं माझ्या गुडघ्याला घासत व्हती. मी देवाला म्हणत व्हते, मला कायबी कर, पंगू कर, आंधळी कर, पण त्या पोरीच्या तोंडाला तो पेरू लागू देऊ नको. मग वाटलं, मी कोण त्याला सांगणार, त्याच्याच पुढं ते ताट मांडून आलीय मी. पाळकबाईबी काय तरी पुटपुटत व्हत्या. पुलावर सात-आठ मिनिटं गेली. मला ती सात वर्षं वाटली.

वस्तीवर पोचलो तर दारात दत्तोबांची बायको, प्रयागबाई, हसत उभी. या म्हणाली, चहा टाकते म्हणाली. मी चप्पल न काढता आत गेले. पाटी देव्हाऱ्यापुढं ठेवलेली, वर हळदकुंकू वाहिलेलं. प्रयागबाई म्हणाली, तुमच्या देवाचं हाय, म्हटलं आमच्याबी देवाला दाखवावं, संध्याकाळी आरती झाल्यावर मग सुनेला द्यावं. म्हंजे अजून कुणी खाल्लं नव्हतं. मी तितंच खाली बसले आन पेरू मोजाय लागले. एकदा मोजले, दोनदा मोजले.

वीस व्हते.

मी विचारलं, एकविसावा कुठाय? प्रयागबाई म्हणाली, ह्यांनी आल्या आल्या एक सुनेला दिला, तिला दम निघंना.

मी मागच्या दाराकडं धावले. परसात लिंबाखाली राजेश्वरी बाजेवर बसलेली, मांडीवर बशी, बशीत मीठ. पेरू तिच्या हातात. मी तिच्या हातावर फटका मारून तो उडवला, मातीत गडगडत गेला. त्याला एका बाजूला दाताची खूण व्हती. पोरगी घाबरून माझ्याकडं बघाय लागली. मी तिचे खांदे धरून विचारलं, गिळलंस का? तिनं मान हलवली. एकच घास, मावशी, म्हणाली, गोड हाय.

दत्तोबा गोठ्यातनं आले व्हते. प्रयागबाई माझ्यामागं. पाळकबाई दारात. सगळ्यांच्या समोर मला बोलावं लागलं, आन ते जे मी देवळात बोलले न्हाय, ते परसात बोलले. "त्याच्यात विष हाय. मी फवारलंय, शुक्रवारी. पाळकबाईंना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक व्हतं."

प्रयागबाईनं कपाळ बडवून घेतलं. मला वाटलं दत्तोबा मारत्यात आता, आन मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पाळकबाईंनी पोरीला चूळ भरायला लावली, हात-तोंड साबणानं धुतलं. दत्तोबांनी चारचाकी गाडी काढली. राजेश्वरीचा नवरा पुण्याला गेलेला, त्याला वाटेत फोन केला. मलाबी गाडीत बसवलं, कारण औषध कुठलं ते सांगणारी मीच.

आन मला ते सांगता येईना. कागद फाटलेला, नाव मी कधी वाचलंच न्हाय. डॉक्टर विचारणार, काय मारलंय, तर काय सांगू? ऋषिराज कामावर, त्याला आत फोन नेऊ देत न्हायत. घर उघडं, आन शेजारी रंगूबाई. हात दाखवून अवलक्षण म्हणत्यात, ते मी दोन्ही हात दाखवून करून घेतलं. तिला फोन लावला. म्हटलं रंगूबाई, राजेश्वरीनं माझा फवारलेला पेरू खाल्लाय, माझ्या गोठ्यात जा, कोनाड्यात बाटली हाय, त्यावरचं वाच. ती गेली. मला वाटलं हसंल, टोमणा मारंल, तीस वर्षांचा वचपा काढंल. तिनं अडखळत अडखळत एकेक अक्षर वाचून दाखवलं, मी ते पाळकबाईंना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. शेवटी रंगूबाई एवढंच म्हणाली, पोरगी बरी हाय न्हवं?

बारामतीच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरचं नाव वाचलं आन ओठ घट्ट मिटले. किती खाल्लं, कधी खाल्लं, घाम येतोय का, लाळ सुटतीय का, डोळ्यापुढं अंधारी येतीय का, सगळं विचारलं. मग आम्हाला बाहेर बसवलं. राजेश्वरीला आन तिच्या पोटातल्याला सोमवारी सांजच्याला घरी सोडलं, हे मी आत्ताच सांगून टाकते, उगा कुणाचा जीव टांगणीला नको. पण रविवारी त्या बाकावर हे कुणाला ठाऊक व्हतं? दर दहा मिनिटांनी नर्स बाहेर यायची आन आम्ही चौघं एकदम उठायचो. ती दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायची. आम्ही बसायचो.

ऊन उतरलं तवा डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, बाळाचे ठोके आत्ता तरी बरोबर हायेत, आजची रात्र इथंच ठेवू, घास लहान व्हता म्हणून निभावलं. प्रयागबाई भिंतीला टेकून रडाय लागली आन तिला घेऊन पाळकबाई पाणी आणायला गेल्या. बाकावर मी आन दत्तोबा राह्यलो.

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. मग म्हणाले, "केसरबाई, हे तू देवापुढं ठेवलंस?"

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार. आभाळ फाटून माझ्या डोक्यावर पडलं असतं तरी मला त्या एका प्रश्नाइतकं लागलं नसतं. मला वाटलं आता शिव्या देतील, त्याची मी वाट बघत व्हते. पण ते स्वतःचे हात बघत व्हते, तळवे वर करून. मग तसंच खाली बघत बोलाय लागले. म्हणाले, तोच लाल त्रिकोण. गुरुवारी त्यांनी सगळी बाग फवारली, ढेकणासाठी. शनिवारी तोडा केला आन चाळीस पेट्या टेम्पोनं पुण्याच्या मार्केटयार्डात पाठवल्या. आज पहाटे पोचल्या असतील. घरात एक पेरू येऊ दिला न्हाय. वस्तीवरच्या पोरांना बागंत जाऊ दिलं न्हाय. म्हणून तर देवळात आलो, म्हणाले.

माझ्याबी पेट्या जात्यात पुण्याला. यंदा चारच झाडं फवारली म्हणून मी लय शहाणी न्हाय, गेल्या वर्षी सगळी फवारली व्हती आन तिसऱ्या दिवशी तोडली व्हती. त्या पेट्यांमागं मी स्कूटरवर बसून धावले न्हाय. त्यातले पेरू फडक्यानं पुसलेबी न्हायत.

दत्तोबांनी फोन काढला. नंबर दोनदा चुकला. अडत्याला लावला. माल कुठं हाय म्हणून विचारलं, थांबव म्हणाले, विकू नको. पलीकडचा माणूस मोठ्या आवाजाचा, मला बाकावर सगळं ऐकू आलं.

"आबा, थांबवताय कुठलं. सकाळी सातलाच उडाला की सगळा. एक नंबर माल, एक डाग न्हाय त्याला. अजून असला तर उद्याच पाठवा."

कुणी नेला, असं दत्तोबांनी विचारलं. अडत्या हसला. रविवार हाय, हातगाडीवाले, दुकानवाले, धा-पंधरा जण असतील, कोण ध्यानात ठेवतंय, म्हणाला. दत्तोबांनी फोन ठेवला आन तोंड पंच्यात घातलं.

पाळकबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या. दोघांच्या मधी बसल्या आन म्हणाल्या, प्रार्थना करू या. दत्तोबांनी हात जोडले. मी डोळे मिटले. आमच्यात कुणासाठी मागायचं तर त्याचं नाव घेऊन मागायची रीत हाय. मी राजेश्वरीचं नाव घेतलं, तिच्या पोटातल्याचं अजून ठेवलेलं नव्हतं तर नुसतं बाळ म्हटलं. मग त्या चाळीस पेट्या आठवल्या, त्यातला एकेक पेरू फडक्यानं पुसून एकेका घरी पोराच्या हातात दिलेला दिसाय लागला. त्यांच्यासाठी मागायचं व्हतं. पण मला त्यातल्या एकाचंबी नाव ठाऊक नव्हतं.